दोन रुग्णांमधले अंतर : एका लहानशा उपकरणाचा इतिहास

नोकरीनिमित्ताने महाराष्ट्राबाहेर, विशेषतः उत्तर भारतात, राहणाऱ्या मराठी माणसाच्या नजरेतून एक गोष्ट सहसा सुटत नाही. आगगाडी एखाद्या मध्यम आकाराच्या शहराजवळ येऊ लागली, की रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याच्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत 'बवासीर' आणि 'भगंदर' हे शब्द दिसू लागतात. शस्त्रक्रियेविना शर्तिया इलाज, आणि खाली दवाखान्याचा पत्ता. आपण हसतो किंवा मान वळवतो. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या भिंतींमध्ये एक बाजारपेठ दिसते, आणि एवढी जाहिरात जिथे परवडते तिथे मागणीही तेवढीच असली पाहिजे. मूळव्याध, भगंदर, शौचावाटे रक्त जाणे, ही दुखणी माणसे घरातसुद्धा सांगत नाहीत. सरकारी रुग्णालयातील रांग, अर्धवट पडदा आणि दाराशी उभी असलेली गर्दी आठवली, की भिंतीवरचा पत्ता त्यांना अधिक जवळचा वाटतो. यांपैकी काहींचा रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो. तो मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील कर्करोगाचा असतो, आणि तो ओळखण्याची वेळ निघून जाते.

हे टाळण्यासाठी लागणारी पहिली तपासणी दोन-चार मिनिटांची आहे. आधी बोटाने, मग एका लहान नळीने. या नळीला डॉक्टर प्रॉक्टोस्कोप म्हणतात. रुग्ण तिला 'दुर्बीण' म्हणतात. तिचे भाग मोजके : हाताच्या बोटाहून थोडी जाड, पुढे निमुळती होत गेलेली धातूची नळी, तिला धरण्यासाठी मूठ, आणि नळीत बसणारा गुळगुळीत टोकाचा दट्ट्या. दट्ट्यासह नळी आत सरकवायची, दट्ट्या काढून घ्यायचा, प्रकाश पाडायचा आणि नळी हळूहळू बाहेर काढताना आतली त्वचा पाहायची. यात न कळण्यासारखे काही नाही. तरीही या साध्या वस्तूचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्याने अवश्य वाचावा असा आहे, कारण सार्वजनिक पैशाने घेतलेली वस्तू आणि तिच्यापासून मिळणारी सेवा यांतला फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आरंभ आपल्याकडूनच करता येतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात एकशे एक यंत्रांची वर्गवारी आहे : चोवीस स्वस्तिकयंत्रे, दोन संदंश, दोन तालयंत्रे, वीस नाडीयंत्रे, अठ्ठावीस शलाका आणि पंचवीस उपयंत्रे. नाडीयंत्रे म्हणजे पोकळ नळ्या. त्यांतच अर्श, म्हणजे मूळव्याध पाहण्याचे यंत्र येते. चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात त्याचे माप दिले आहे. ते लोखंडाचे, हस्तिदंताचे, शिंगाचे किंवा लाकडाचे असावे; आकार गाईच्या सडासारखा असावा; लांबी चार अंगुळे; परीघ पुरुषांसाठी पाच अंगुळे आणि स्त्रियांसाठी सहा. दोन छिद्रांचे यंत्र पाहण्यासाठी आणि एका छिद्राचे यंत्र उपचारासाठी. एका छिद्राचे का, तर शस्त्र, क्षार किंवा अग्निकर्म ठरल्या जागेपलीकडे जाऊ नये म्हणून. अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी. त्या हिशेबाने ही नळी सात-आठ सेंटिमीटरची होते. आजच्या प्रॉक्टोस्कोपची लांबीही याहून फार वेगळी नाही.

खरेदीची कागदपत्रे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याच सातव्या अध्यायातील आणखी दोन गोष्टी थांबवतात. पहिली, यंत्रांचे बारा दोष. फार जाड, कमअस्सल धातूचे, फार लांब, फार आखूड, नीट न पकडणारे, वाकडे, सैल सांध्याचे, नरम तोंडाचे, अशी ती यादी आहे. आजच्या निविदेत तांत्रिक निकष म्हणून ती जवळजवळ तशीच्या तशी जोडता येईल. दुसरी, यंत्र कसे घडवून घ्यावे याचे चार आधार : शास्त्र, जाणत्यांचा उपदेश, आधीच्या यंत्रांचे निरीक्षण आणि स्वतःची युक्ती. शिवाय सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र, असेही तिथे सांगितले आहे, आणि बोटाने तपासल्याखेरीज नळी घालू नये या आजच्या नियमाशी ते जुळते. कलकत्त्याचे गिरींद्रनाथ मुखोपाध्याय यांनी १९१३-१४ साली प्राचीन भारतीय शल्ययंत्रांवर दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या उपकरणांची ग्रीक व इतर उपकरणांशी तुलना केली आहे. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

मात्र यावरून 'आपल्याकडे सर्व काही होते' असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. उपकरणाचा आकार होता, मापे होती, कौशल्य होते. रोग सूक्ष्मजंतूंमुळे पसरतो आणि उपकरणही तो पसरवू शकते, हे ज्ञान तेव्हा जगात कुठेच नव्हते. आपल्याप्रमाणे ग्रीकांकडेही हे साधन होते. हिपोक्रेटसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात मूळव्याध आणि भगंदर यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि आत पाहण्याच्या उपकरणाचा उल्लेखही आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीच्या उत्खननात ब्राँझचे असे उपकरण मिळाले. चिमट्यासारख्या दोन मुठी दाबल्या, की पुढची दोन पाती फाकतात. आजच्या शल्यवैद्याच्या हातात ते दिले तर त्याला वापरून दाखवायला सांगावे लागणार नाही.

इतिहासातला पुढचा प्रसंग फ्रान्सच्या राजदरबारातला आहे. चौदाव्या लुईला भगंदर झाला होता. लेप, औषधी पाणी, सगळे झाले आणि अखेर शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या शल्यवैद्याने त्यासाठी काही महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या काळात त्याने पॅरिसच्या रुग्णालयांतील गोरगरीब भगंदरग्रस्तांवर ही शस्त्रक्रिया करून हात बसवला आणि नव्या धाटणीची वक्र सुरी व गुदद्वार उघडे धरणारे साधन तयार करवून घेतले. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायमध्ये राजावर शस्त्रक्रिया झाली आणि ती यशस्वी ठरली. फेलिक्सला पैसा, जमीन आणि सरदारकी मिळाली. ज्यांच्यावर त्याने हात बसवला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

या कथेत मला एक प्रमाण दिसते. राजाच्या वाट्याला खास त्याच्यासाठी घडवलेले उपकरण येते, रयतेच्या वाट्याला मात्र एकाच उपकरणामागे उभी असलेली रांग. आधुनिक रुग्णालय उभे राहिले ते या दुसऱ्या व्यवस्थेवर, आणि त्यात गैर काही नाही. सार्वजनिक सेवेचा अर्थच तो. प्रश्न एवढाच, की रांगेतल्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना त्या उपकरणाचे काय होते?

एकोणिसाव्या शतकाचे पूर्ण लक्ष मात्र दुसऱ्या प्रश्नाकडे होते : आत प्रकाश कसा न्यायचा? फ्रँकफर्टचे डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी १८०६ साली त्यांचा 'प्रकाशवाहक' पुढे मांडला. एका पेटीत मेणबत्ती, तिच्यामागे आरसा, पुढे वेगवेगळ्या मापांच्या नळ्या. व्हिएन्नाच्या लष्करी वैद्यकीय अकादमीने त्याची चाचणी घेतली, परंतु तिथल्या विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेने त्याला नापसंती दर्शवली. या मतभेदामागे शास्त्राइतकेच दोन संस्थांमधील अधिकाराचे भांडण होते, असे इतिहासकार सांगतात. फायलींवरील शेऱ्यांशी परिचय असलेल्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. बोझिनी १८०९ साली टायफसने वारले. साथीतल्या रुग्णांवर उपचार करताना त्यांना लागण झाली होती.

लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सॅमन यांनी गुदविकारांनी पीडित गरिबांसाठी सात खाटांचे छोटे रुग्णालय काढले. तेच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून जगप्रसिद्ध झाले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्यावरही सॅमन यांनीच १८४१ साली भगंदराची शस्त्रक्रिया केली. लाजेपोटी लपवल्या जाणाऱ्या एका दुखण्याला स्वतंत्र संस्था मिळाली, ही प्रशासनाच्या दृष्टीने फार मोठी घटना होती. संस्था झाली की नोंदी होतात, नोंदींतून ज्ञान वाढते आणि उपकरणे सुधारतात. १८९५ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील हॉवर्ड केली यांनी लांब धातूच्या नळ्यांची मालिका प्रसिद्ध केली. कपाळावरच्या आरशाने प्रकाश परावर्तित करून ते आत पाहत. भारतातील शल्यविद्येच्या विद्यार्थ्याला परीक्षेत टेबलावर जी नळी ओळखायला सांगतात, ती बहुधा केली यांच्याच नावाने ओळखली जाते.

याच काळात पाश्चर, कॉख आणि लिस्टर यांच्या कार्यामुळे उपकरणाकडे पाहण्याची दृष्टी मुळापासून बदलली. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेतील शार्ल शांबरलां यांनी १८७९ च्या सुमारास दाबाखालील वाफेचे भांडे, म्हणजे ऑटोक्लेव्ह, सिद्ध केले. नुसते उकळते पाणी १०० अंशांवर थांबते आणि काही जंतूंची बीजाणुरूपे त्यात तग धरतात. दाब दिला की वाफ १२१ अंशांवर जाते आणि पंधरा मिनिटांत तीही नष्ट होतात. पण या वाफेपुढे हस्तिदंत तडकतो, लाकूड फुगते, शिंग वाकते. सुश्रुतांनी सांगितलेल्या चार पदार्थांपैकी फक्त धातूच या परीक्षेत उतरला. तोवरची देखणी, कोरीव मुठींची उपकरणे कालबाह्य झाली आणि त्यांची जागा गुळगुळीत, खाचाखोचा नसलेल्या, पूर्ण धातूच्या उपकरणांनी घेतली. आधी त्यांवर निकेलचा मुलामा असे. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढील काही दशकांत रुग्णालये स्टेनलेस स्टीलने भरून गेली. जर्मनीतील टुटलिंगेन आणि आपल्या अखंड पंजाबातील सियालकोट ही या कारागिरीची मोठी केंद्रे झाली. फाळणीनंतर सियालकोट पाकिस्तानात गेले आणि आजही ते या धंद्यासाठी जगभर ओळखले जाते.

पुन्हा वापरता येणारे धातूचे उपकरण हे विधान खऱ्या अर्थाने या टप्प्यावर जन्माला आले. त्यापूर्वीही उपकरणे पुन्हा वापरली जात होतीच, पण ती केवळ टिकत म्हणून. आता ती पुन्हा वापरण्यायोग्य ठरली, कारण प्रत्येक वापरानंतर त्यांना मूळच्या निर्मळ अवस्थेत आणण्याची एक पद्धत हाती आली. म्हणजे पोलादाची नळी ही अर्धीच वस्तू आहे. उरलेली अर्धी म्हणजे पाणी, घासणी, वाफ, वीज, वेळ आणि हे सारे सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती. प्रशासनाने पहिली अर्धी वस्तू विकत घेतली. दुसरी घेतली असे गृहीत धरले.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील अर्ल स्पॉल्डिंग यांनी वैद्यकीय उपकरणांची जी तीन वर्गांत विभागणी सुचवली, ती १९६८ पासून जगभर रूढ आहे. शरीराच्या निर्जंतुक भागात शिरणारी उपकरणे पहिल्या वर्गात. ती पूर्ण निर्जंतुक हवीत. शरीरातील ओल्या अस्तरत्वचेला स्पर्श करणारी दुसऱ्या वर्गात. त्यांना किमान उच्च प्रतीचे जंतुनाशन हवे. केवळ बाहेरील त्वचेला लागणारी तिसऱ्या वर्गात. ती स्वच्छ असली की पुरे. प्रॉक्टोस्कोप दुसऱ्या वर्गात येतो. तो तिसऱ्या वर्गात नाही, हे महत्त्वाचे. रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा तो पुसून पुढच्या रुग्णाला लावता येत नाही. शिवाय मूळव्याधीतून रक्त येतच असते, त्यामुळे कावीळ ब सारख्या रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचारही करावा लागतो.

दुर्लक्षाची किंमत काय असते, याचे एक नोंदलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७८ ते १९८० या काळात कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागातील एका दवाखान्यात आतडे धुण्याचा उपचार यंत्राने केला जात असे. त्यातून किमान ३६ जणांना अमीबाची लागण झाली. दहा जणांचे मोठे आतडे काढावे लागले आणि काहींचा मृत्यू झाला. तपास पथकाने नेहमीच्या पद्धतीने 'स्वच्छ' केलेले यंत्र तपासले, तेव्हा त्यावर विष्ठेतील जंतू मोठ्या प्रमाणात आढळले. दवाखान्याच्या मते यंत्र धुतलेले होते. ही साथ उघडकीस आली, कारण मृत्यू झाले आणि तपास करणारी यंत्रणा जागी होती. एरवी असा संसर्ग दिसतच नाही. आठवड्यांनी जुलाब लागतात, महिन्यांनी कावीळ होते आणि रुग्ण ते बाहेरच्या पाण्यावर ढकलतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात तो हाच : खर्च वाचवतो एक आणि किंमत मोजतो दुसरा, ज्याचे नाव कुठल्याच हिशेबात येत नाही.

आता थोडे अंकगणित करू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. समजा, एका जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळच्या तीन तासांत चोवीस रुग्णांची अशी तपासणी करायची आहे, म्हणजे तासाला आठ. वापरलेले उपकरण धुणे, ब्रशने घासणे, कोरडे करणे, बांधणे, ऑटोक्लेव्हमधून काढणे आणि थंड होऊन परत येणे, या साऱ्याला दोन तास धरू. रुग्णालयाकडे सहा उपकरणे आहेत. पहिले सहा रुग्ण पाऊण तासात होतात आणि साठा संपतो. ती सहा उपकरणे परत यायला पावणेतीन तास होतात. मधल्या दोन तासांत आलेल्या सोळा रुग्णांचे काय करायचे?

तीनच मार्ग आहेत. त्यांना परत पाठवायचे; न तपासता मलम लिहून द्यायचे; किंवा शेजारच्या किडनी ट्रेमधील जंतुनाशकाच्या पाण्यात नळी बुडवून लगेच पुढच्या रुग्णासाठी घ्यायची. पहिल्या मार्गाने रुग्ण भिंतीवरच्या पत्त्याकडे जातो. दुसऱ्याने कर्करोग नजरेआड राहतो. तिसरा मार्ग सर्वांच्या सोयीचा असतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. तपासणीच्या निमित्ताने निरनिराळ्या राज्यांतील रुग्णालये पाहण्याची मला संधी मिळाली. जिथे हा तिसरा मार्ग दिसला, तिथे बहुतेक वेळा निष्काळजीपणापेक्षा उपकरणांची संख्याच कारणीभूत होती. परिचारिकेला नियम पाठ असतो. तिच्यासमोर सोळा माणसे आणि शून्य स्वच्छ नळ्या असतात. अशा वेळी तिला कारणे दाखवा नोटीस देणे सोपे असते. पण त्या नोटिशीने सतरावी नळी निर्माण होत नाही.

या उदाहरणात आणखी अठरा उपकरणे लागतील, म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी सकाळी एक स्वच्छ नळी तयार असेल आणि दुपारी चोवीसही एकत्र ऑटोक्लेव्हमध्ये जातील. एका उपकरणाची किंमत सहाशे रुपये धरली, तर हा एकदाच करायचा खर्च १०,८०० रुपये. वर्षातून २५० दिवस, पाच वर्षे, म्हणजे प्रत्येक उपकरणाचे १,२५० वापर. एका वापरामागे पोलादाचा खर्च पन्नास पैशांच्या आत. धुणे, बांधणे आणि वाफ यांचा खर्च मात्र प्रत्येक वेळी काही रुपयांत जाईल. म्हणजे या सेवेत धातू जवळजवळ फुकट आहे आणि खरा खर्च दोन रुग्णांमधल्या कामाचा आहे. आपल्या अंदाजपत्रकात याच्या नेमके उलटे घडते. उपकरण खरेदीसाठी शीर्षक असते, निविदा असते, दरकरार असतो. धुणाऱ्या माणसाचे पद मात्र रिक्त असते, ऑटोक्लेव्हच्या वार्षिक देखभालीचा प्रस्ताव फिरत असतो आणि ब्रशची मागणी 'किरकोळ' म्हणून मागे पडते.

यावर उपाय म्हणून एकदाच वापरायची प्लास्टिकची उपकरणे पुढे केली जातात. त्यांचे गुण मान्य केलेच पाहिजेत. जिथे वाफेची सोय नाही, वीज भरवशाची नाही, रुग्ण कमी आहेत, तिथे ती योग्यच आहेत. पण सरसकट उत्तर म्हणून ती स्वीकारण्यापूर्वी ब्रिटनचा अनुभव आठवावा. वेगळ्या प्रकारच्या मेंदूविकाराचा, ज्याला व्हेरिअंट सीजेडी म्हणतात, घटक नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाही, या भीतीने तिथल्या सरकारने जानेवारी २००१ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकदाच वापरायची उपकरणे लागू केली. ती उपकरणे जुन्या धातूच्या उपकरणांच्या तोडीची नव्हती आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तस्रावाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. डिसेंबर २००१ मध्ये इंग्लंडने पुन्हा वापरता येणारी उपकरणे परत आणली. त्या निर्णयाची दुसरी बाजू मात्र अनुकरणीय होती : त्याच वेळी निर्जंतुकीकरण केंद्रांच्या आधुनिकीकरणासाठी २० कोटी पौंडांची तरतूद जाहीर झाली होती. म्हणजे दोन रुग्णांमधल्या अंतरासाठी स्वतंत्र पैसा ठेवला गेला.

शिवाय प्लास्टिकने ते अंतर नाहीसे होत नाही, ते फक्त रुग्णालयाच्या मागच्या आवारात जाते. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे नियम आपल्याकडे प्रथम १९९८ साली आले आणि २०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांनुसार असे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत जाते, त्यावर प्रक्रिया होते आणि मग ते पुनर्वापरासाठी पाठवले जाते. पण जे रुग्णालय पोलाद नीट धुऊ शकत नाही, ते प्लास्टिक नीट टाकू शकेल, असे मानायला आधार काय? एकदाच वापरायची वस्तू धुऊन पुन्हा वापरली गेली, तर ती पोलादाहून घातक ठरते, कारण तिला १२१ अंशांची वाफ सोसत नाही.

तंत्रज्ञान पुढे गेल्याने हा प्रश्न मागे पडेल, अशीही आशा बाळगू नये. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखवले. त्यातून पुढे वाकणाऱ्या दुर्बिणी आल्या आणि संपूर्ण मोठे आतडे पाहता येऊ लागले. ही उपकरणे लाखो रुपयांची असतात आणि त्यांच्या अरुंद वाहिन्या साफ करणे साध्या नळीहून कितीतरी अवघड असते. २०१५ साली लॉस एंजेलिसच्या एका नामांकित विद्यापीठ रुग्णालयात अशाच जातीच्या दुर्बिणींमधून औषधांना न जुमानणारे जंतू पसरले आणि रुग्ण दगावले. पैसा आणि विद्या दोन्ही असतानाही दोन रुग्णांमधले अंतर तिथे अपुरे पडले.

मग आपण काय करावे? रुग्णालयाला भेट देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने, तो डॉक्टर नसला तरीही, तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला : सर्वाधिक गर्दीच्या दिवशी या विभागात किती रुग्ण येतात आणि सकाळी किती स्वच्छ उपकरणे तयार असतात? हे दोन आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून मागावेत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये दुसरा आकडा अर्धाच असतो आणि पहिला मुळीच नसतो. दुसरा : ऑटोक्लेव्ह चालतो याचा पुरावा काय? वेष्टनावरची पट्टी काळी झाली, याचा अर्थ तिला उष्णता लागली एवढाच. आतले जंतू मेले का, हे जिवंत बीजाणूंच्या चाचणीने कळते. ती शेवटची केव्हा झाली? तिसरा : उपकरणे धुणाऱ्या व्यक्तीचे नाव काय, तिला कोणी शिकवले आणि ती रजेवर असताना हे काम कोण करते? तिसऱ्या प्रश्नाला अनेक ठिकाणी उत्तर येत नाही, आणि तपासणी अहवालात सर्वांत आधी लिहिण्यासारखी गोष्ट तीच असते.

यासाठी नवा कायदा नको, नवी योजनाही नको. खरेदीच्या प्रस्तावात एक ओळ वाढवावी लागेल : मागितलेल्या उपकरणांची संख्या ही रुग्णसंख्या आणि निर्जंतुकीकरणाला लागणारा वेळ यांवरून कशी काढली ते सांगा. लेखापरीक्षकांनीही 'जादा खरेदी' असा आक्षेप घेण्यापूर्वी ती ओळ वाचावी. अठरा नळ्या दुपारपर्यंत कपाटात पडून असल्या, तर त्या निरुपयोगी पडल्या आहेत असे नाही. अग्निशमन दलाचा बंब उभा असतो, तेव्हाही तो कामच करीत असतो.

शेवटी उपकरणापलीकडची एक गोष्ट. या तपासणीला येणारा माणूस मोठे धाडस करून आलेला असतो. खेड्यातली स्त्री तर वर्षानुवर्षे सहन करून, शेवटी रक्त थांबेना म्हणून आलेली असते. ती काही विचारत नाही. नळी कुठून आली, आधी कोणासाठी वापरली, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे, हेच तिला ठाऊक नसते. तिच्या वतीने तो प्रश्न विचारण्यासाठीच शासनाने आपल्याला तिथे नेमलेले आहे.